अमेरिकेतल्या शेतात औरंगजेबाच्या जहाजावरची लूट? मेटल डिटेक्टरवाल्यांना काय सापडतं आणि काय हरवतं

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात मिडलटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या एका फळबागेत २०१४ साली एका हौशी शोधकाचा मेटल डिटेक्टर वाजला. त्याने खणलं, तर काळपट पडलेलं एक छोटं चांदीचं नाणं हाताला लागलं. त्याच जागी त्याला ब्रिटिश वसाहतीच्या काळातली नाणी, बुटाचं बक्कल, बंदुकीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्यामुळे हे नाणंही स्पॅनिश किंवा मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं असेल, असं त्याला आधी वाटलं. पण त्यावर अरबी अक्षरं होती. संशोधनाअंती कळलं, की ते १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं नाणं आहे.

येमेनचं नाणं अमेरिकेतल्या शेतात आलं कसं? याचं उत्तर शोधताना गाडी थेट सुरत आणि औरंगजेबापर्यंत पोहोचते.

गंज-ए-सवाईची लूट

सप्टेंबर १६९५. मक्केहून हाज यात्रेकरू आणि व्यापारातला पैसा घेऊन औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ‘फॅन्सी’ जहाजातून त्यावर हल्ला चढवला. जहाज तर लुटलंच, पण प्रवाशांचे हाल केले आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. खाफीखान या मुघल इतिहासकाराने लुटीचा आकडा ५२ लाख रुपये दिला आहे.

औरंगजेब तेव्हा दिल्लीत नव्हता. मराठ्यांशी लढता लढता त्याने भीमेकाठी, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीला तळ टाकला होता. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते. त्या धामधुमीत ही बातमी आली आणि बादशहाचा राग ईस्ट इंडिया कंपनीवर निघाला. सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं गेलं. व्यापार वाचवायचा तर एव्हरीला पकडणं इंग्लंडला भाग होतं. त्याच्या डोक्यावर इनाम लागलं आणि १६९६ मध्ये त्याच्या पाच साथीदारांना लंडनमध्ये फाशी झाली. एव्हरी स्वतः मात्र कधीच सापडला नाही.

आता मिडलटाउनच्या बागेकडे परत येऊ. त्या शोधकाने नाणं विकून टाकलं नाही. ते कुठे मिळालं याची नोंद ठेवली आणि जुनी कागदपत्रं धुंडाळली. ‘सी फ्लॉवर’ नावाचं जहाज १६९६ मध्ये जवळच्याच न्यूपोर्ट बंदरात सुमारे चार डझन गुलाम घेऊन आल्याची नोंद त्याला मिळाली. एव्हरीच्या टोळीने ‘फॅन्सी’ सोडल्यावर हे जहाज वापरलं होतं, असं तो सांगतो. पुढे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये इतरांनाही त्याच काळातली अरबी नाणी मिळाली. नॉर्थ कॅरोलायनातही एक निघालं.

म्हणजे ही नक्की गंज-ए-सवाईचीच लूट का? इथे जरा थांबायला हवं. तांबड्या समुद्रात लूट करणारा एव्हरी एकटा नव्हता. ऱ्होड आयलंडचाच थॉमस ट्यू हा चाचा १६९३ मध्ये तिकडे मोठा हात मारून १६९४ मध्ये न्यूपोर्टला परतला होता. एखादं नाणं त्याच्या खलाशांच्या खिशातूनही पडलेलं असू शकतं. ‘औरंगजेबाचा खजिना सापडला’ असे मथळे झकास दिसतात, पण पुरावा परिस्थितिजन्यच आहे. तरी एक गोष्ट पक्की झाली: चाच्यांचा पैसा अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये सर्रास खेळत होता. एकेका नाण्यावरून हे कळलं नसतं. कोणतं नाणं कुठे मिळालं, हे माहीत होतं म्हणून कळलं.

डिटेक्टर वाजतो म्हणजे काय होतं?

डिटेक्टरच्या टोकाशी तारेचं वेटोळं असतं. त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात विजेचे सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात, त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि यंत्र ते टिपतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. रील्समध्ये दाखवतात तसे दहा फूट खाली पुरलेले हंडे हौशी यंत्राला दिसत नाहीत.

वीतभर खोलीचा हा थर म्हणजे नांगराची माती. म्हणून हौशी मंडळींचा एक युक्तिवाद असतो: नांगराने सगळं आधीच उलथंपालथं केलंय, खत आणि ओलाव्याने धातू गंजतोय, मग आम्ही वाचवलं तर बिघडलं कुठे? यात तथ्य आहे. पण अर्धंच. नांगर वस्तू वर-खाली करतो, थोडी इकडेतिकडे ओढतो, तरी शेताच्या एका कोपऱ्यातला वाडा दुसऱ्या कोपऱ्यात जात नाही. कुठे खिळे जास्त, कुठे बटणं, कुठे गोळ्या, यावरून घर कुठे होतं आणि चकमक कुठे झाली हे कळतं. आणि नेमके खिळेच हौशी शोधक वगळतो. लोखंडाचा आवाज येऊ नये अशी सोयच यंत्रात असते. त्याला चांदी हवी असते.

हेच यंत्र पुरातत्त्वज्ञांच्या हाती आलं की काय होतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं लिटल बिगहॉर्न. १८७६ मध्ये तिथे मूळनिवासी योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला होता. १९८३ मध्ये वणव्यात गवत जळलं आणि पुढच्या वर्षी डिटेक्टर घेऊन संशोधक रांगेत चालले. प्रत्येक काडतूस जिथे सापडलं तिथे खूण केली, नकाशावर मांडलं. काडतुसांवरच्या ठशांवरून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली हेही लावता आलं. यातलं एखादं काडतूस बाजारात विकायला नेलं तर किती मिळणार?

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर शोध घेता येतो. दफनभूमीसारखे अपवाद सोडले, तर सापडलेली वस्तू सरकारला दाखवण्याची सक्तीही सहसा नसते. संघीय सरकारच्या जमिनीवर मात्र १९७९ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू परवान्याशिवाय उकरणं गुन्हा आहे. मिडलटाउनच्या नाण्याची कहाणी बाहेर आली ती शोधकाच्या चिकाटीमुळे, कायद्यामुळे नव्हे.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथल्या १९९६ च्या कायद्यानुसार ‘खजिना’ ठरू शकेल अशी वस्तू सापडली की १४ दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाला ती हवी असेल तर बाजारभावाने मोबदला मिळतो आणि तो शोधक व जमीनमालक यांच्यात वाटला जातो. इतर किरकोळ वस्तूंची ऐच्छिक नोंदही होते. अशा नोंदी १५ लाखांच्या पुढे गेल्या आहेत. तरी सगळे कळवतात असं नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला ठेवा लपवला. अंदाजे ३०० नाण्यांपैकी मोजून ३१ हाती लागली. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले, पण बाकीची बहुतेक नाणी बेपत्ताच राहिली.

आणि आपल्याकडे?

मार्च २०२५ आठवतोय? ‘छावा’ चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आला आणि मध्य प्रदेशातल्या असीरगडजवळच्या शेतांमध्ये लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन सोन्याची नाणी शोधायला उतरले. व्हिडिओ व्हायरल झाले, पोलीस पोहोचले. त्या रात्री कुणाला खरंच काही मिळालं असेल, तर ते कुठल्या खड्ड्यातून निघालं हे आता कधीच कळणार नाही.

भारतात अशा ठेव्यांना आजही १८७८ चा, म्हणजे ब्रिटिशांनी केलेला कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, की काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जुना मालक कुणी नाही असं ठरलं आणि शोधक व जमीनमालकात आधीचा करार नसेल, तर तीन हिस्से शोधकाला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदताच येत नाही. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं ‘पुरावशेष’ ठरतं. खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही.

खरी मेख १८७८ च्या कायद्यातल्या एका छोट्या तरतुदीत आहे. सरकारला ठेवा स्वतःकडे ठेवायचा असेल तर द्यायची रक्कम ठरते धातूच्या किमतीवर: जितक्या रुपयांची चांदी, तितके रुपये आणि वर एक पंचमांश. नाणं दुर्मीळ आहे की कसं, याचा त्यात हिशेब नाही. म्हणजे नांगराला लागलेलं नाणं घेऊन शेतकरी कचेरीत गेला तर त्याला चांदीचा भाव अधिक वीस टक्के, तोही चौकशीचे हेलपाटे घालून. सराफ किंवा नाण्यांचा दलाल मात्र जागच्या जागी रोख मोजतो आणि कुठे सापडलं ते विचारतही नाही.