दहा मिनिटांची महामंदिरे

युरोपच्या तीर्थयात्रा आपल्या धर्मग्रामांतून आता नित्याच्या झाल्या आहेत. पत्रक निघते, नावे नोंदली जातात, आणि पंधरवड्याने यात्रेकरू परततात ते दोन गोष्टी घेऊन : लूर्दचे पाणी आणि एक मत. मत असे की, फ्रान्समधील चर्चे रिकामी पडली आहेत, तिथे श्रद्धा म्हणून उरलेली नाही. पाण्याविषयी आमची काही तक्रार नाही. मताविषयी मात्र चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांला प्राप्त आहे.

ज्या चर्चमध्ये आपण भर दुपारी, बस बाहेर ताटकळत ठेवून, दहा मिनिटे डोकावलात ते रिकामे नसेल तर कसे असेल? आपल्या स्वतःच्या चर्चमध्ये मंगळवारी दुपारी दोन वाजता किती भाविक गुडघे टेकून असतात, हे धर्मगुरू या नात्याने आम्ही पुरते जाणतो. फ्रान्सच्या खेड्यांत धर्मगुरूंची वाण आहे, एकेकाला कित्येक गावे सांभाळावी लागतात, पुष्कळ गावांत रविवारची मिस्सा दर रविवारी होत नाही. हे सारे खरे, आणि दुःखाचे. पण २०२५ च्या पास्काच्या जागरविधीत त्याच फ्रान्समध्ये दहा हजारांहून अधिक प्रौढांनी स्नानसंस्कार घेतला, हेही खरे. आणखी एक गोष्ट यात्रेकरूंच्या कानावर जात नाही. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने धर्म आणि शासन यांची फारकत झाली, तरी त्यापूर्वीची बहुतेक गावचर्चे आज नगरपालिकांच्या मालकीची असून उपासनेचा हक्क ख्रिस्तसभेकडे आहे. छप्पर गळू लागले की चिंता पडते ती महापौराला. मग तो स्वतः चर्चला जाणारा असो वा नसो.

यात्रा आखणाऱ्यांना, त्यांत आमचे धर्मगुरू-बंधूही आलेच, आमचे सांगणे एवढेच की, पत्रकातली दोन शहरे खोडा आणि त्या जागी बर्गंडी प्रांतातला एक सावकाश दिवस घाला. सकाळी ओतँ, मग जेवण, मग क्लुनी. बस्स.

ओतँ हे सम्राट ऑगस्टसच्या काळी वसलेले गाव. तेथील संत लाजरसच्या महामंदिराच्या पश्चिम दरवाजावर, ११३० च्या सुमारास कोरलेला अंतिम न्याय आहे. मधोमध प्रभू येशू, एका अंगाला तराजूत आत्मे तोलले जाताहेत आणि सैतान पारडे ओढू पाहतो आहे. खाली कबरींतून उठणाऱ्यांच्या रांगेत दोन यात्रेकरू आहेत. एकाच्या झोळीवर संत याकोबाचा शिंपला, दुसऱ्याच्या झोळीवर क्रूस. यात्रेकरूंना ओळख पटावी अशी ही जागा, आणि आपले यात्रेकरू तिथे जातच नाहीत! प्रभूच्या पायाखाली 'हे गिस्लेबर्तुसने केले' असे लॅटिन अक्षरांत कोरले आहे. तो शिल्पी की आश्रयदाता, यावर पंडितांत वाद आहे. तो त्यांनी खुशाल घालावा.

या शिल्पाची पुढची हकिकत आम्ही मुद्दाम सांगतो. १७६६ मध्ये महामंदिराच्याच धर्मगुरूंना ते गावंढळ वाटले. त्यांनी त्यावर गिलावा चढवला आणि पुढे येणारे प्रभूचे मस्तक उडवून टाकले. उत्तरेकडचा कोरीव दरवाजा तर फोडलाच. त्यावरची पहुडलेली हव्वा पुढे एकोणिसाव्या शतकात एका घराच्या बांधकामात दगड म्हणून वापरलेली सापडली. ही फोडाफोडी क्रांतिकारकांची नव्हे, आमच्याच पेशाच्या मंडळींची. उलट गिलाव्याखाली दडल्यामुळे अंतिम न्याय क्रांतीच्या हातोड्यातून वाचला! १८३७ मध्ये तो पुन्हा उजेडात आला. मस्तक जागेवर बसले ते १९४८ मध्ये. आपल्याकडे जुनी लाकडी वेदी काढून ग्रॅनाइट बसवण्याचे ठराव धर्मग्रामांत टाळ्यांच्या गजरात संमत होतात, तेव्हा ओतँची ती सुधारक मंडळी आम्हांला आठवल्यावाचून राहत नाही.

आता जेवण. आमच्या या मुद्द्याला मंडळी हसतील, हे आम्ही धरून आहोत. आपली बस डब्यातल्या पुऱ्या बसमध्येच संपवते आणि वेळ वाचवल्याचे समाधान मानते. फ्रान्सच्या गावात बारा ते दोन दुकानांची दारे बंद असतात, कारण माणसे जेवत असतात. फळ्यावर खडूने दिवसाचा बेत लिहिलेला असतो; पाव आणि साधे पाणी मागितले तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत; तांबड्या वाइनमध्ये तासन्‌तास शिजलेले गोमांस, मग चीज, मग गोड. दोननंतर गेलात तर स्वयंपाकघर मिटलेले. २०१० मध्ये युनेस्कोने या भोजनपद्धतीला वारसा मानले. आम्हांला त्या शिक्क्याची गरज वाटत नाही. एम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य प्रभूबरोबर कोसभर चालले तरी त्यांना ओळख पटली नाही. पटली ती मेजाशी बसून भाकर मोडली तेव्हा.

क्लुनीला पाहायचे ते मुख्यतः जे नाही ते. ९१० मध्ये स्थापन झालेल्या या मठाचे १०८८ मध्ये सुरू झालेले चर्च सुमारे १८७ मीटर लांब होते. रोमचे आजचे संत पेत्राचे महामंदिर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे नव्हते. क्रांतीनंतर, १७९८ मध्ये ते विकले गेले आणि पुढची पाव शतक दगडांची खाण म्हणून फोडले गेले. आज एक बाहू आणि त्यावरचा मनोरा एवढेच उभे आहे. याच मठात अकराव्या शतकाच्या सुमारास मठाधिपती संत ओदिलो यांनी सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस सुरू केला. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आपली कुटुंबे दफनभूमीत जाऊन कबरींवर मेणबत्त्या लावतात, आजोबा-पणजोबांची नावे घेतात, ते इथून आलेले आहे. पॅरिस-ल्यों महामार्गापासून क्लुनी तासाभराच्याही आत आहे. त्या महामार्गावरून जाणाऱ्या आपल्या बसेस तिथे वळत नाहीत, कारण पॅरिसच्या खरेदीला दिलेला अर्धा दिवस कमी करावा लागेल.