बॉनेट उघडायची मुभा

२०२५ सालच्या ३ फेब्रुवारीला भारतातल्या पहिल्या विजेच्या गाडीची शंभरी झाली. १९२५ साली ती गाडी बोरीबंदराहून सुटली आणि कुर्ल्याला येऊन थांबली. शताब्दीच्या लेखांमध्ये बोरीबंदराच्या घुमटाचे फोटो भरभरून आले आणि कुर्ला ‘शेवटचं स्टेशन’ म्हणून एका ओळीत उरकलं गेलं. कुर्लेकरांना त्याचं नवल नाही. गाडी बदलण्यापुरतं कुर्ल्याला उतरायचं, ही उरलेल्या मुंबईची जुनी रीत.

पण कुर्ल्याचा खरा धंदा गाड्या उघडण्याचा आहे. लोकलची कारशेड इथे आहे. सीएसटी रोडवर जुन्या मोटारींचे सुटे भाग अजूनही ढिगांनी मिळतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखानाही इथलाच. तिथे बनणारी गाडी मुळात इटलीच्या फियाटची. पुढे तिची पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी होऊन ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर टिकली. पद्मिनी काही फार झोकदार गाडी नव्हती. ती टिकली, कारण कुठल्याही गल्लीतला मिस्त्री तिचं बॉनेट वर करून आत काय बिघडलंय ते पाहू शकत होता आणि हाताशी असलेल्या सामानातून दुरुस्त करू शकत होता. इटलीला पत्र लिहावं लागत नव्हतं.

या अंकाचा विषय आहे मुलांची शिकण्याची साधनं, त्यातही संगणकावरची आणि मोबाइलवरची. त्याबद्दल आमची भूमिका पद्मिनीइतकी साधी आहे. मुलांच्या हातात जे सॉफ्टवेअर द्यायचं, त्याचं बॉनेट उघडता आलं पाहिजे. शिक्षकाला तर हवंच, आणि हौस असेल तर मुलालाही.

हे स्वप्नरंजन नाही, कारण हा प्रयोग आपल्या शेजारीच झाला आहे. कुर्ल्याहून हार्बर लाइनची गाडी पकडली की टिळकनगर, चेंबूर, गोवंडी आणि मग मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली ते सुरू केलं तेव्हा नाना चौकातल्या महापालिकेच्या एका शाळेत त्याचं बस्तान होतं. संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्षांत एक फार मोलाची गोष्ट तपासली. मराठी शाळेतल्या मुलाला विज्ञान कळत नाही, तेव्हा अडतं कुठे? विज्ञानात, की पुस्तकाच्या भाषेत? त्यांनी पाठ्यपुस्तकातली मराठी सोपी केली आणि तेच धडे मुलांना दिले. मुलांची समज वाढलेली दिसली. म्हणजे पुस्तक हेही एक साधन आहे, ते मुलासाठी नीट घडवलेलं असतं किंवा नसतं, आणि नसेल तर ते उघडून दुरुस्त करता येतं. तेव्हा आपल्या घरांत संगणक नव्हते. पण आज सॉफ्टवेअरबद्दल आपण जी चर्चा करतो तिचं मर्म त्या कामात पुरतं आलेलं आहे.

पुढे याच केंद्रात जी. नागार्जुन यांची प्रयोगशाळा उभी राहिली. नागार्जुन फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाच्या धुरीणांपैकी एक. सॉफ्टवेअरची मूळ संहिता (सोर्स कोड) सर्वांना वाचता यावी, बदलता यावी, बदललेली पुन्हा वाटता यावी, असा आग्रह धरणारे हे लोक. त्याच सुमारास ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (दर मुलाला एक लॅपटॉप) या योजनेची हवा होती. निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती (प्रत्यक्षात तो जवळजवळ दुप्पट किमतीला पडला), आणि २००६ साली आपल्या केंद्र सरकारने त्या योजनेला नकार दिला होता. तरी २००७ साली तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला, तो रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरपाडा इथे. पहिली ते चौथी मिळून वीस-बावीस मुलं आणि एक शिक्षक असलेली छोटी शाळा.

त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पडद्यावर फाइली आणि फोल्डर नव्हते. मध्यभागी एक माणूस: गोल डोकं आणि खाली फुलीसारखं धड. तो म्हणजे यंत्र वापरणारं मूल. एक पायरी मागे गेलं की त्याचे सोबती दिसत, आणखी मागे गेलं की आसपास चालू असलेली सगळी यंत्रं, प्रत्येक मूल आपापल्या रंगजोडीत. यंत्रं एकमेकांशी परस्पर बोलत. इंटरनेट असलं काय, नसलं काय. एकाने चित्र काढायला घेतलं की दुसऱ्याला त्यात शिरता येई. आणि कळफलकावर एका दातेरी चाकाची खूण होती. ती वापरली की समोर चालू असलेला कार्यक्रम आतून कसा लिहिला आहे, ते उघडून दाखवण्याची सोय. बॉनेटची कळच म्हणा ना. चौथीतल्या किती मुलांनी ती दाबली असेल हा प्रश्न वेगळा. पण यंत्र बनवणाऱ्याने चौथीतल्या मुलाला तो मान दिला होता. यामागे सिमूर पॅपर्ट यांचा विचार होता. मूल काहीतरी घडवताना उत्तम शिकतं, असं त्यांचं म्हणणं; लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवण्यात ते १९६७ पासून होते. मानखुर्दच्या केंद्रातल्या संशोधकांनी पुढे एकमेकांचं काम तिथल्या तिथे दिसण्याच्या सोयीचा अभ्यास केला आणि २०१७ साली मांडला. असं काम पाहता आलं की मुलं त्यात जास्त रमतात, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या वर्गात याला कॉपी म्हणतात आणि त्यासाठी मुलाला उभं करतात.

मात्र आम्हाला भाटगिरी करायची नाही. याच लॅपटॉपचा पेरू देशातल्या तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांमध्ये मोठा अभ्यास झाला. २०१२ साली निष्कर्ष आले: यंत्रं पोचली, वापरली गेली, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडला नाही. यंत्र पोचवलं की शिकणं आपोआप होईल, ही समजूत तिथे उघडी पडली. यंत्राच्या अवतीभवती जाणता शिक्षक नसेल, तो यंत्राशी झटापट करायला मोकळा नसेल, तर खुली संहिता नुसती खुली राहते.

शिक्षक मोकळा असला की काय होतं, हे बघायला संगणकाचीही गरज नाही. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये (शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गाची फरशीच रंगवली. अंकांच्या पट्ट्या, शब्दांची चक्रं, चौकोन. मुलं जमिनीवर बसून, उड्या मारत, गटांत शिकू लागली. शाळाच्या शाळा ते बघायला गेल्या, आणि ‘ज्ञानरचनावाद’ (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, हा विचार) हा शब्द राज्यभर इतका पिकला की काही ठिकाणी नुसती रंगरंगोटी उरली. तरी त्या फरशीत एक मोठा गुण होता. आखलेलं नाही जमलं तर पुसायचं आणि दुसरं आखायचं. त्यासाठी पुण्याच्या शिक्षण खात्याची परवानगी लागत नाही.

आता आमची खरी तक्रार. २०१५ साली देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासोबत ‘क्लिक्स’ नावाचा प्रकल्प सुरू केला. माध्यमिक शाळांतल्या मुलांनी गणित, विज्ञान, इंग्रजी स्वतः करून शिकावं म्हणून. त्याचा तांत्रिक पाया, जीस्टुडिओ नावाचा खुला मंच, मानखुर्दच्या नागार्जुन यांच्या प्रयोगशाळेत घडला. शाळेत इंटरनेट नसणार हे आधीच गृहीत धरलेलं. शाळेतल्याच एका छोट्या सर्व्हरवर सगळं चालायचं. आणि त्यात एक सोय होती, तिचं आम्हाला विशेष कौतुक आहे. एका मुलाने लॉगिन केलं की शेजारी बसलेल्या सोबत्यांनाही त्याच बैठकीत सामील करून घेता येई. जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर धरून चालतं की एका यंत्रापुढे एकच माणूस बसतो. आपल्या शाळेच्या संगणक-खोलीत एका यंत्राला दोन-तीन मुलं असतात: एकाच्या हातात माउस, दुसऱ्याचं बोट पडद्यावर, तिसरा मागून सूचना देणारा. नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या हिशेबात त्यातला एकच शिकतो. बाकीचे दोघे हजेरीतही नसतात. ज्याने ही सोय केली त्याने आधी बाकावर किती मुलं बसली आहेत ते मोजलं आणि मग सॉफ्टवेअर लिहिलं. विद्यार्थिकेंद्री साधन कशाला म्हणायचं, याचं याहून नेमकं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

या प्रकल्पाला २०१७ सालचा युनेस्कोचा किंग हमद पुरस्कार मिळाला. चारशेहून अधिक शाळांत तो गेला. कुठल्या? राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोरम. साहित्य झालं इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूत. देवनार आणि मानखुर्दला घडलेली वस्तू मिझोरमच्या ऐजॉलला पोचली. हार्बरवरच्या चार स्टेशनांचं अंतर ओलांडून कुर्ल्याला आली नाही. प्रकल्पाच्या चालकांना यात दोष देण्यात अर्थ नाही. जिथली सरकारं पुढे आली तिथे ते गेले. पण संहिता खुली असताना आपण मराठीवाले हात बांधून का बसलो? आपल्याकडे संगणक शिकणारी मुलं काय कमी आहेत? नुसत्या कुर्ल्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प म्हणून तीच ती ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली नव्याने लिहितात आणि गुण मिळाले की विसरतात. त्यातल्या दोन गटांना शेजारच्या महापालिका शाळेतल्या एखाद्या बाईंकडे पाठवा. आठवडाभर मागच्या बाकावर बसू दे. लिहायला काय हवं, ते बाईच सांगतील.

सरकारी बाजूलाही सगळं बंद आहे असं नाही. २०१७ साली आलेलं दीक्षा हे शिक्षण-ॲप ज्या सनबर्ड मंचावर उभं आहे तो खुला आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की धड्याचं साहित्य उघडतं. पण उघडतं काय? बहुतेक वेळा व्हिडिओ, आणि शेवटी चार पर्यायांचे प्रश्न. आत इंजिन खुलं आणि मुलाच्या वाट्याला काच वर केलेली मागची सीट. त्यापेक्षा कोलोराडो विद्यापीठाचे फेट हे विज्ञानाचे खेळ पाहा. मुलगी स्वतः तारा जोडते, बल्ब लागतो, बॅटरी वाढवली की प्रखर होतो. संहिता उघडी आहे आणि त्यातले अनेक खेळ मराठीतही आहेत. पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियलही असेच. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने झालेले छोटे धडे, मराठी आवाजातले: थोडं बघा, थांबवा, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघा. आणि जगभर शाळा-कॉलेजांत चालणारं मूडल हे सॉफ्टवेअर ज्या मार्टिन डुजियामासने २००२ साली बाहेर आणलं, तो ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढलेला आणि लहानपणी रेडिओवरून शाळा शिकलेला. शिक्षक शेकडो मैलांवर असताना शिकणं कसं असतं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नसणार.

राहता राहिली निगा. फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर सांभाळायला माणूस लागतो, आणि अनुदान संपलं की तो माणूस आधी जातो. उद्घाटनाच्या फलकाला पैसे मिळतात, पाचव्या वर्षीच्या दुरुस्तीला मिळत नाहीत. शाळेला संगणक भेट देणाऱ्या आमच्या जाहिरातदार मित्रांना (रागावू नका, तुमच्याच जिवावर हा अंक निघतो) एवढंच सुचवतो की पुढच्या वेळी चार संगणक कमी द्या आणि त्या पैशात वर्षभर एक जाणकार पोरगा किंवा पोरगी शाळेला द्या.

आमच्यापुरतं म्हणाल तर या अंकात एक बदल केला आहे. बाकीचा अंक नेहमीप्रमाणे जुन्या फॉन्टमध्ये लावला आहे, ज्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की त्याची किडेमुंगी होते. मुलांची पानं मात्र युनिकोडमध्ये केली आहेत आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना मोकळी दिली आहेत. नेहरूनगरच्या एखाद्या बाईंना त्यातली नदी काढून आपली मिठी नदी घालायची असेल, पावसाच्या गणितात २६ जुलै २००५चा महापूर आणायचा असेल, तर विचारत बसू नका. बदला, छापा, वाटा. बदललेली प्रत तेवढी आम्हाला पाठवा, पुढच्या वर्षी तीच छापू.