किती लाख, आणि कोणत्या अवस्थेतले?

पावसाळा तोंडावर आला की मत्स्यबीजाच्या मागणीत एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा किती लाख? पैठणचा नाथसागर पूर्ण भरला की सुमारे 35 हजार हेक्टरांवर पसरतो, त्यामुळे तिथे लाखांचे आकडे शोभूनही दिसतात. पण जिरे, अर्धबोटुकली की बोटुकली, यांपैकी बीजाची अवस्था कोणती हे न सांगता दिलेल्या आकड्याला आमच्या लेखी काही किंमत नाही.

या बाबतीत खाडीतला चिखलखेकडा पाहण्यासारखा आहे. अंडी पोटाशी धरलेली मादी खाडी सोडून समुद्रात उतरते. पिल्ले झोइया या अळीच्या पाच अवस्थांतून जातात आणि तोवर त्यांना समुद्राचेच खारे पाणी लागते. दोन-तीन आठवड्यांनी मेगॅलोपा ही पुढची अळी तयार होते. तिला नांग्या असतात, पोहता येते, चालताही येते. खाडीच्या मचूळ पाण्याला तोंड देण्याची ताकद आता कुठे आलेली असते.

सगळ्या मेगॅलोपा मात्र सारख्या तयारीच्या नसतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या निळ्या खेकड्यात असे आढळले, की खाडीच्या पाण्यातली रसायने जाणवली की मेगॅलोपा लवकर कात टाकते. खुल्या समुद्राच्या पाण्यात ठेवली तर लांबवते. ऑस्ट्रेलियात चिखलखेकड्यावर झालेले प्रयोग तर अधिक बोलके आहेत. वाळू, चिखल आणि सागरी गवत समोर असताना मेगॅलोपाने विशेष आवडनिवड दाखवली नाही. कात टाकून इवलासा खेकडा झाल्यावर त्याने गवत गाठले. म्हणजे जागा पारखण्याची अक्कल एका कातीने उशिरा येते. खेकड्याच्या बीजकेंद्रांत मेगॅलोपा थेट पाळणाऱ्याच्या हाती न देता जाळीच्या हाप्यात वाढवून पिल्ले करतात, ते उगाच नाही.

पैठणच्या काठावरच्या खेकड्याला ही यातायात नाही. गोड्या पाण्यातल्या या खेकड्याच्या अळीच्या अवस्था अंड्यातच उरकतात, आणि बाहेर पडलेली पिल्ले काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. गोदावरीतल्या मोठ्या कोळंबीचे तसे नाही. तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते, मग पिल्ले प्रवाहाविरुद्ध नदी चढतात. आपेगाव-हिरडपुरीपासून विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर ते थेट धवळेश्वरमपर्यंत वाटेत इतके बांध आहेत, की समुद्राकडून पैठणपर्यंत कोणी चढून येईल ही आशा सोडलेलीच बरी. जलाशयात कोळंबी हवी असेल तर बीजकेंद्रात अळीपण संपवलेले बीज आणायचे, आणि तेही दर वर्षी.

आता कटला, रोहू, मृगळ. ओडिशातल्या अंगुळला 10 जुलै 1957 रोजी शास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी प्रेरित प्रजनन साधले, तेव्हापासून जिऱ्याची टंचाई हळूहळू ओसरली. बीज मुबलक झाले आणि मोजणीची सवय तेवढी मोठी झाली. अंड्यातून निघून तीन दिवस झालेले जिरे सहा-सात मिलिमीटरचे असते. बोटुकली 80 ते 100 मिलिमीटरची. मरळ आणि शिवडा असलेल्या पाण्यात जिरे सोडणे म्हणजे त्यांची पंगत वाढणे. मोठ्या जलाशयासाठी 100 मिलिमीटरच्या आसपासची बोटुकलीच सोडावी, ही शिफारस जुनी आहे. ती पाळली जात नाही, कारण त्याच पैशात आकडा लहान दिसतो.

आमचे मत स्पष्ट आहे : आकडा लहान दिसू द्या. जिरे काठावरच्या संगोपन तळ्यात घ्या, पुढे पिंजऱ्यात वाढवा आणि मगच सोडा. कुंपण घालून वाढवणार असाल तर पाणी किती खाली जाईल याचा अंदाज आधी घ्या. नाथसागराचा काठ उन्हाळ्यात फार दूर सरकतो. सोडण्याची जागाही गाडी पोचते म्हणून ठरवू नका. कायगाव टोक्याकडच्या फुगवट्यातला उथळ, वनस्पतींचा काठ आणि भिंतीजवळचे खोल पाणी पिल्लाच्या दृष्टीने एक नाही.

वय वाढले की बीज वाया जाते, असेही नाही. आंध्रातले तळेवाले बीज वर्षभर दाटीत खुंटवून ठेवतात आणि मोकळ्या पाण्यात गेल्यावर ते झपाट्याने भरते. खेकड्याची मेगॅलोपा अशी थांबवून ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा, आणि मच्छीमार संस्थांच्या नोंदवहीत संख्येशेजारी लांबी, वय आणि सोडण्याची जागा असे तीन रकाने हवेत. ते कोरे असतील तर पुढच्या हंगामातल्या उत्पादनावरून बीजकेंद्राला दोष देण्याचा हक्क आपल्याला नाही.