निकाल आधी, नाटक नंतर?

तुमच्या ग्रुपवर शेवटचं भांडण कशावरून झालं होतं, आठवतंय? एखादा सिनेमा, एखादा स्टँडअप, एखादं नाटक? आता प्रामाणिकपणे मोजा, त्या भांडणातल्या किती जणांनी ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली होती? माझ्या ग्रुपचा आकडा मी सांगून टाकते. शून्य.

२०२२ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी जाहीर केलं, की यंदा करंडक कुणालाच नाही. इतक्या वर्षांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडत होतं. आमच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, ‘परीक्षक जरा जास्तच कडक आहेत’. दुसरी म्हणे, ‘बरं झालं, कुणीतरी खरं बोललं’. दोन दिवस तावातावाने भांडलो. फेरीतली एकही एकांकिका आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती, संहिता तर लांबच राहिली.

त्या भांडणात निदान कुणाचं काही बिघडलं नाही. पण २०२४ च्या फेब्रुवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात काय झालं, ते तुम्ही वाचलंच असेल. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टीवरचं विद्यार्थ्यांचं नाटक मध्येच बंद पाडलं गेलं. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, मग जामीन मिळाला. या नाटकाच्या बाजूने किंवा विरोधात तुमचं मत असायला काहीच हरकत नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांचं मत बनलं कशावर? मोबाइलवर आलेल्या तुकड्यांवर. शेवट तर तिथे बसलेल्या प्रेक्षकांनीही पाहिला नाही, कारण प्रयोग तिथपर्यंत पोचलाच नाही.

म्हणजे आधी निकाल, मग नाटक. जमलं तर.

या सवयीवर मला सापडलेला एक साधा उतारा सांगते. आठ-दहा जणांनी गोल बसायचं, एक नाटक मोठ्याने वाचायचं आणि संपल्यावरच त्यावर बोलायचं. नाट्यवाचन नवीन नाही. कुठलंही नाटक बसवताना सुरुवात वाचनानेच होते. फरक एवढाच, की इथे पुढे तालीम नाही, स्पर्धा नाही आणि कुणाला डावललंही जात नाही.

आम्ही गेल्या वर्षी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचलं. रंगमंचावर ते १९६७ मध्ये आलं, म्हणजे आपल्या आई-बाबांच्याही आधीचं म्हणायला हरकत नाही. शहरातली हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगाला जातात. वेळ घालवायला गंमत म्हणून खोटा खटला उभा करतात, लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात आणि ती गंमत हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यावर उलटते.

वकील सुखात्मेचे संवाद आमच्यातल्या सगळ्यात विनोदी मुलाकडे होते. पहिल्या अंकात आम्ही खो खो हसलो. तिसऱ्या अंकात तोच आवाज, तोच मुलगा. पण हसू थांबलं होतं. तो वाचता वाचता थबकला आणि म्हणाला, “हे मी पुढे वाचू का?” काशीकरांचं न्यायाधीशपण एका मुलीकडे होतं. तिने ते इतकं थंडपणे वाचलं की अंगावर काटा आला. ही दोघंही त्या पात्रांच्या पूर्ण विरुद्ध मतांची. तरी त्यांना त्या माणसांची वाक्यं आपल्या तोंडून, अर्धवट न सोडता बोलावी लागली. कॉमेंट टाकताना हे कधी करावं लागतं का?

चर्चा सुरू झाल्या झाल्या पहिला प्रश्न आला, ‘बेणारेचं चुकलं का?’ पाच मिनिटं आम्ही त्यावर वाद घातला. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “अरे, आपण परत तिच्यावरच खटला चालवतोय.” सगळे गप्प. त्यानंतर खरं बोलणं झालं. विशेषतः सामंतबद्दल. हा गावातला साधाभोळा माणूस. साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो. तीच बेणारेला चिकटते. त्याच्या मनात काही वाईट नसतं. आपल्या ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्यांच्या तरी कुठे असतं?

यावर एक आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. नाटक बघायची गोष्ट आहे. वाचनात प्रकाश नाही, हालचाल नाही. शिवाय असे ग्रुप ठरावीक ‘छान वाचणाऱ्यांच्या’ ताब्यात जातात. आमच्याकडेही गेला होता. एका मित्राच्या ‘न’ आणि ‘ण’वर दोघं हसले, तो पुढच्या वेळी आलाच नाही. त्याला परत आणायला महिना लागला. आता वाचताना कुणाचा उच्चार दुरुस्त करायचा नाही, हा आमचा पहिला नियम आहे.

बाकीचे नियमही फार नाहीत. दर अंकाला भूमिका बदलायच्या. रंगसूचना वाचायला एक जण वेगळा ठेवायचा, कारण ‘स्तब्धता’सुद्धा ऐकू यायला हवी. शेवटचं पान होईपर्यंत मत द्यायचं नाही. आणि चर्चेत आधी ‘काय घडलं’ ते सांगायचं, ‘मला काय वाटलं’ ते नंतर.

यातून नाटकं बंद पाडणारे थांबतील, असा माझा दावा नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या नाटकाचा तुकडा तुमच्या ग्रुपवर येईल, तेव्हा ‘पूर्ण संहिता कुणी वाचलीये का?’ असं विचारणारा निदान एक जण तिथे असेल. तो तुम्ही व्हा. कॉलेजच्या लायब्ररीत नाटकांचं कपाट कुठे आहे ते आधी शोधा. आमच्याकडे ते एका मोठ्या टेबलामागे होतं. चौघांनी मिळून टेबल सरकवावं लागलं.