पडलेल्या आजीची नोंद कुणाच्या वहीत?

पावसाळा लागला की मुरूड-श्रीवर्धनच्या किनारपट्टीवरील वाड्यांतून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. विहिरीवरून कळशी आणणारी आजी तिथेच घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि घरचे म्हणतात, वयच झाले! आम्हाला हे कारण मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात.

रायगडात सरकारी आरोग्याचे घर एक, पण चुली दोन आहेत. अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. हाड जोडणारा डॉक्टर एका चुलीचा, घरोघर जाणारी आशाताई दुसऱ्या चुलीची. डिस्चार्ज कार्ड म्हातारीच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहते. काठी आणि वॉकर समाजकल्याणकडे, पायरी आणि रस्त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीकडे. मग एकदा पडलेली बाई दुसऱ्यांदा पडणार नाही, हे पाहायचे कुणी?

साधने नाहीत असे कुणी सांगू नये. आशाताईच्या तपासणी अर्जात साठीपुढच्या माणसासाठी प्रश्नच आहे : उभे राहताना, चालताना तोल जातो का? उत्तर 'होय' आले तर पुढे काय, एवढेच ठरवायचे आहे. २०२४ साली राज्य सरकारने वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरिबांना अशा साहित्यासाठी ३ हजार रुपये देऊ केले. बौद्धवाडीतल्या पायऱ्या, गटारे, दिवे यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाची योजना आहेच. (तो निधी कुठे मुरतो, हा वेगळा लेख होईल.)

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९९ पासून हाड मोडून आलेल्या रुग्णाची नोंद घेऊन पुढची तपासणी करणारी स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे तर कायदाच बोलतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे कलम २० प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय आणि त्या विषयाचा अनुभवी वैद्यकीय अधिकारी सांगते. आम्ही वकील आहोत, म्हणून विचारतो : साठीपुढचा हाड मोडलेला रुग्ण घरी सोडताना त्याच दिवशी त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करण्याचा लेखी आदेश शल्यचिकित्सक आणि आरोग्य अधिकारी मिळून का काढत नाहीत? त्याची प्रत ग्रामसेवकालाही जावी. येत्या ग्रामसभेत वाचकांनी हा प्रश्न लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.