शेअर घेण्यापूर्वी पगार पाहा

गेल्या काही वर्षांत आमच्या युनियन ऑफिसातील बोलण्याचा विषय बदलला आहे. पूर्वी ड्यूटी संपवून आलेला कामगार महागाई भत्ता, क्वार्टर्सची गळती आणि बदलीची ऑर्डर यांबद्दल विचारायचा. आता तो खिशातून मोबाईल काढतो आणि ‘अण्णा, हा शेअर घेऊ का?’ म्हणून विचारतो. हुबळी, बेळगाव, मिरजेकडून बंगळूरला आलेले आमचे मराठी साथीही त्यात मागे नाहीत.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कोणता शेअर घ्यावा हे आम्ही सांगणार नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून दूर राहावे. परंतु कंपनी कशी पारखावी याबद्दल कामगाराला जे कळते ते पुष्कळ शिकलेल्यांनाही कळत नाही. तेच येथे मांडत आहोत.

आधी सट्टा आणि गुंतवणूक यांतला फरक. आमच्या एका साथीने मुलीच्या लग्नासाठी पी. एफ.मधून काढलेली रक्कम ऑप्शनच्या व्यवहारात घातली. तीन महिन्यांत ती गेली. घरी सांगण्याची हिंमत होईना, म्हणून तो आधी आमच्याकडे आला. तो एकटा नव्हे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी दर १०० मागे ९३ जण तोट्यात गेले. तोटा सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. नफा मुख्यतः संगणक लावून बसलेल्या मोठ्या पेढ्यांनी आणि परदेशी फंडांनी नेला. या डावात कामगार हा गिऱ्हाईक नसून सावज आहे.

शिवाय रेल्वे कामगाराने एक गोष्ट विसरू नये. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ मधील नियम १६ प्रमाणे आम्हाला सट्ट्याची मनाई आहे, आणि शेअरची वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच धरला जातो. अधूनमधून केलेल्या गुंतवणुकीला मोकळीक आहे. परंतु वर्षभरातील एकूण व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ पगाराहून जास्त झाले तर ते प्रशासनाला कळवावे लागतात. म्हणजे पैसे जातील ते जातीलच, वर चार्जशीट हातात पडेल.

आता गुंतवणुकीकडे वळू. याच बंगळूरच्या दोन कंपन्या पाहा. इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विक्रीस काढला तेव्हा लोकांनी तो पुरता घेतलासुद्धा नाही. पुढे त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि ‘तेव्हा घेतला असता तर’ हे वाक्य या शहरात चहाच्या टपरीवरही ऐकू येते. मात्र त्याच काळात लोकांकडून भांडवल गोळा करून कितीतरी कंपन्या पत्त्यासकट गायब झाल्या. त्यांना शोधण्यासाठी सरकारला पुढे खास समिती नेमावी लागली. त्यांची आठवण टपरीवर कोणी काढत नाही.

दुसरी कंपनी किंगफिशर एअरलाइन्स. २००५ मध्ये विमाने उडू लागली. जाहिराती झगमगीत, मालक रोज वर्तमानपत्रात. परंतु या कंपनीने एकाही पूर्ण वर्षात नफा दाखवला नाही आणि कर्ज वाढतच गेले. २०१२ मध्ये पगार कित्येक महिने थकले, कर थकल्यामुळे आयकर खात्याने बँक खाती गोठवली, आणि ऑक्टोबरमध्ये कर्मचाऱ्यांच्या संपात विमाने जमिनीवर बसली ती कायमचीच. शेअर धरून बसलेल्यांना धोका वर्तमानपत्रातून कळला. कर्मचाऱ्यांना तो पगाराच्या तारखेलाच कळला होता.

म्हणून आमचे पहिले सांगणे: कंपनी कामगाराचे देणे वेळेवर देते का ते पाहा. हे गुपित नाही. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात हिशेबतपासनिसाच्या अहवालाला एक जोडपत्र असते. भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, आयकर ही देणी कंपनी नियमित भरते की नाही, आणि सहा महिन्यांहून जास्त किती थकली आहेत, हे त्यात लिहावेच लागते. जो मालक कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा वेळेवर भरत नाही, तो भागधारकाचा पैसा काय सांभाळणार?

दुसरे, कर्ज. नफ्यातला किती भाग व्याजात जातो ते पाहा. घर आणि कंपनी यांचा नियम एकच आहे. तिसरे, नफा कागदावर आहे की रोख हातात येतो आहे. त्यासाठी रोख प्रवाहाचा तक्ता नफ्याच्या आकड्याशेजारी ठेवून पाच वर्षांचा ताडून पाहा. चौथे, मालकांनी आपले स्वतःचे शेअर गहाण टाकले आहेत का. ही माहिती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पाचवे, भाव. एका शेअरमागे वर्षाला १० रुपये नफा आणि भाव २०० असेल, तर आपण वीस वर्षांचा नफा आज मोजतो आहोत. चांगली कंपनीही भलत्या भावाला घेतली तर वाईट गुंतवणूक ठरते.

‘रेल्वेच्या कंपन्या तर आपल्या ओळखीच्या’ असे पुष्कळ साथी म्हणतात. तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुविधा शुल्काचा अर्धा वाटा सरकारला द्यावा, असे मंत्रालयाचे एक पत्र आले. दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, शेअरचा भाव एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक खाली गेला. सरकारने निर्णय त्याच दिवशी मागे घेतला. पण घाबरून विकून मोकळा झालेला कोण होता? कंपनी ओळखीची म्हणून गुंतवणूक सुरक्षित होत नाही. आपली नोकरी, पेन्शन आणि बचत तिन्ही एकाच रुळावर उभी करणे शहाणपणाचे नाही.

एवढे करूनही फसवणूक होऊ शकते. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या प्रमुखाने आपले हिशेब वर्षानुवर्षे खोटे असल्याचे लिहून दिले. त्या हिशेबांवर नामांकित हिशेबतपासनिसांच्या सह्या होत्या. तेव्हा एका कंपनीत सारे घालू नये. अहवाल वाचायला वेळ नसेल तर पन्नास कंपन्यांच्या निफ्टीवर चालणारा, कमी खर्चाचा निर्देशांक फंड बरा. आणि पाच-सात वर्षे ज्या पैशाची गरज नाही तोच पैसा तेथे न्यावा. सोसायटीचे कर्ज, ग्रॅच्युइटी, मुलांची फी यांना बाजाराची वाट दाखवू नये.

१ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्या तरुणांना नवी पेन्शन योजना लागू झाली, आणि त्यांच्या म्हातारपणाचा काही भाग बाजारात गेला तो त्यांना न विचारता. हक्काच्या पेन्शनची आमची मागणी कायम आहे. शेअर बाजार हा तिला पर्याय नव्हे. पण बाजार दारात आलाच आहे, तर डोळे मिटून बसणे परवडणारे नाही. साथींनो, पगाराची स्लिप आपण ओळ न् ओळ तपासतो, एक तासाचा ओव्हरटाइम कमी दिसला तरी ऑफिस गाठतो. पैसे देण्यापूर्वी कंपनीचा अहवालही तितक्याच चिकाटीने वाचा. न समजल्यास युनियन ऑफिसात घेऊन या, मिळून वाचू. आणि न समजताच घ्यावासा वाटला, तर त्या दिवशी घेऊ नका.