लिंकनने काय सोडले नाही

अब्राहम लिंकन महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो त्याने न लिहिलेल्या एका पत्रामुळे. मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून वसंत बापटांच्या मराठी रूपात जे पत्र शाळाशाळांच्या भिंतींवर लागले, त्याचा लिंकनच्या संग्रहित लेखनात कुठेच पत्ता नाही. या भाबड्या भक्तीची भरपाई म्हणून की काय, त्याचेच एक अस्सल पत्र पुढे करून मूर्ती खाली ओढण्याची चाल आता रूढ झाली आहे. २२ ऑगस्ट १८६२ रोजी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली यांना पाठवलेल्या उत्तरात लिंकनने लिहिले, की आपला मुख्य हेतू संघराज्य वाचवण्याचा आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर तसे करू, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसे करू, आणि काहींना सोडवून काहींना तसेच ठेवून वाचत असेल तर तेही करू. एवढे हाती आल्यावर आरोपपत्राला वेळ लागत नाही. गुलामांशी या माणसाला देणेघेणे नव्हते, मुक्ती हा युद्धातला एक डावपेच होता, बाकी सगळी नंतर रचलेली पुराणकथा, असे सांगितले जाते.

पत्र खरे आहे, पण त्याची तारीखही खरी आहे. त्याआधी बरोबर एक महिना, २२ जुलैला, लिंकनने मंत्रिमंडळापुढे मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी सुचवले, की रणांगणावर मार खात असताना हे जाहीर केले तर ती अखेरची धडपड दिसेल, एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे. म्हणून कागद खणात गेला. ग्रीलीला उत्तर लिहिताना निर्णय झालेला होता. उरले होते ते लोकमत वळवणे, आणि तेही अशा लोकांचे, जे संघराज्यासाठी पोराला लढाईवर धाडायला तयार होते पण काळ्या माणसासाठी नव्हते. ज्याला काळ्या माणसासाठी लढायचे नव्हते त्याच्या हातात ‘संघराज्यासाठी’ हे कारण द्यावे लागणार होते. शिवाय याच पत्राच्या शेवटी लिंकनने स्पष्ट केले आहे, की वर लिहिले ते पदाचे कर्तव्य, सर्व माणसे सर्वत्र मुक्त व्हावीत ही आपली वैयक्तिक इच्छा कायम आहे. उद्धृत करणाऱ्यांची कात्री नेमकी या वाक्याच्या आधी चालते.

यावर कोणी म्हणेल, की मग हा माणूस बेरकी ठरला, प्रामाणिक नव्हे. आक्षेप वाजवी आहे. राजकारण्याचे शब्द श्रोता पाहून उच्चारलेले असतात, त्यामुळे वाक्यांच्या लढाईत दोन्ही बाजूंना हवा तेवढा दारूगोळा सापडतो. कसोटी वेगळी हवी: सोडून दिले असते तर फायदा झाला असता, अशा घडीला त्याने काय सोडले नाही?

पहिली घडी १८६०–६१ च्या हिवाळ्यातली. जेमतेम ४० टक्के मते घेऊन लिंकन निवडून आला होता आणि शपथविधीच्या आत सात दक्षिणी राज्ये फुटून निघाली. केंटकीचे सिनेटर क्रिटेंडन यांनी तोड काढली: गुलामगिरीची सीमा ठरवणारी ३६ अंश ३० मिनिटांची जुनी रेषा थेट प्रशांत महासागरापर्यंत न्यावी आणि तिच्या दक्षिणेच्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण द्यावे. संघराज्य हेच सर्वस्व मानणाऱ्याने ही तडजोड दोन्ही हातांनी उचलली असती. लिंकनने स्प्रिंगफील्डहून आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रे धाडली, की गुलामगिरीच्या विस्ताराच्या प्रश्नावर तसूभरही मागे हटू नका. टीकाकार इथे आठवण देतात, की याच लिंकनने पहिल्या अध्यक्षीय भाषणात, जिथे गुलामगिरी आहे तिथे केंद्राने कधीच हात घालू नये अशा घटनादुरुस्तीला आपली हरकत नसल्याचे सांगितले होते. खरे आहे, आणि ते वाचताना आजही अवघड वाटते. मात्र राज्यांतर्गत गुलामगिरीला हात लावण्याचा अधिकार शांतताकाळात केंद्राला नाही, हे त्या काळचे सर्वमान्य घटनामतच होते. हातचे नव्हते ते सोडायला तो तयार झाला, हातात होते ते धरून ठेवले. नव्या प्रदेशांची दारे बंद झाली की ही संस्था कालांतराने संपेल, हे गणित लिंकन १८५४ च्या पिओरिया भाषणापासून मांडत होता. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना ते नीट समजत होते. नुसत्या भाषणांवर राज्ये फुटत नसतात.

जाहीरनाम्याविषयीचा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे: १ जानेवारी १८६३ चा तो कागद फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होता, म्हणजे जिथे हुकूम चालत नव्हता तिथेच मुक्ती, आणि जिथे चालत होता तिथे गुलामगिरी तशीच. वाक्य चटकदार आहे, पण अर्धे चूक. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची बेटे तेव्हा संघराज्याच्या सैन्याकडे होती आणि तिथले हजारो लोक त्याच दिवशी कायद्याने मुक्त झाले. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही निष्ठावंत राज्ये वगळली, कारण जाहीरनाम्याचा आधार सरसेनापतीचा युद्धाधिकार हा होता. शत्रूचे बळ मोडण्यासाठी असलेला अधिकार मित्राच्या घरात वापरला असता, तर तो हाणून पाडायला, काळ्यांचे नागरिकत्व नाकारणारा ड्रेड स्कॉट निकाल देणारे सरन्यायाधीश टॉनी न्यायासनावर बसलेलेच होते. त्याच कागदाने काळ्या माणसांना सैन्याची दारे उघडली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण भरती झाले. गुलामांनी स्वतःच स्वतःला सोडवले, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला इथे पटते, पण पुरते नव्हे. १८६१ च्या मे महिन्यात संघराज्याच्या सैन्याच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्याच्या दारात पळून आलेल्या गुलामांनी वॉशिंग्टनला प्रश्न टाळू दिला नाही, हे त्यांचेच कर्तृत्व. पण ते सैन्य तिथे टिकवणे आणि आलेल्यांना परत धाडले जाणार नाही अशी हमी देणे, हे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. श्रेयाची ही वाटणी मला योग्य वाटते, आणि तिने लिंकनचा वाटा कमी होत नाही.

दुसरी घडी १८६४ च्या ऑगस्टमधली, आणि माझ्या मते सगळा निवाडा तिथेच होतो. सेनापती ग्रँटच्या मोहिमेत मे-जूनमध्ये पन्नास हजारांहून अधिक माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली होती. निवडणूक तोंडावर होती. पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे प्रमुख आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संपादक हेन्री रेमंड यांनी कळवले, की हार दिसते आहे, गुलामगिरीची अट बाजूला ठेवून फक्त संघराज्याच्या अटीवर तहाची बोलणी करावीत. लिंकन डळमळला, हे लपवण्यात अर्थ नाही. तशा बोलण्यांच्या सूचनांचा मसुदा त्याने लिहिला. पण तो पाठवला नाही. संघराज्यासाठी लढलेल्या काळ्या सैनिकांना पुन्हा मालकांच्या हवाली केले तर अनंतकाळ मी शापास पात्र ठरेन, असे त्याच दिवसांत भेटीला आलेल्यांना त्याने सुनावले. २३ ऑगस्टला, आपण बहुधा हरणार, असे टिपण लिहून त्याने मंत्र्यांना ते वाचू न देता त्यांच्या सह्या घेतल्या. त्याआधी चारच दिवस फ्रेडरिक डग्लस या एकेकाळच्या गुलामाला बोलावून विचारले होते, की नवा अध्यक्ष येण्यापूर्वी दक्षिणेतून जास्तीत जास्त गुलामांना आपल्या हद्दीत कसे आणता येईल. मुक्ती हा केवळ डावपेच असता, तर तो टाकून देण्याची वेळ हीच होती. २ सप्टेंबरला अटलांटा पडले आणि पारडे फिरले, पण नकार दिला गेला तेव्हा अटलांटा पडलेले नव्हते. निवडणूक जिंकल्यावर तर नव्या काँग्रेसची वाट पाहणे सोपे होते. त्याने जुन्याच सभागृहात विरोधकांची मने आणि मते वळवून ३१ जानेवारी १८६५ ला गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ अशी मंजूर करून घेतली.

राहिला वंशभेदाचा आरोप, आणि तो झटकून टाकता येणार नाही. १८५८ मध्ये चार्ल्सटनच्या वादसभेत गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेला आपला पाठिंबा नाही, असे लिंकन म्हणाला. १४ ऑगस्ट १८६२ ला व्हाइट हाउसमध्ये बोलावलेल्या काळ्या प्रतिनिधींना त्याने देश सोडून अन्यत्र वसाहत करण्याचा उपदेश केला, ज्यांच्या पिढ्या त्याच मातीत राबल्या होत्या त्यांना. याचे समर्थन मी करणार नाही. मात्र गुलामगिरीला विरोध आणि समतेचा स्वीकार या त्या काळी दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरीच्या अभावावरून पहिली नाकारणे हा तर्क नव्हे. शिवाय लिंकन तिथेच थांबलाही नाही. ११ एप्रिल १८६५ ला व्हाइट हाउसच्या खिडकीतून केलेल्या भाषणात त्याने काही काळ्या लोकांना, विशेषतः सैनिक म्हणून लढलेल्यांना, मताधिकार मिळावा असे जाहीरपणे सुचवले. सूचना मर्यादित होती, सावध होती, आजच्या मापाने तोकडी होती. खाली गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. याचा अर्थ काळ्यांना नागरिकत्व, असे तो सोबत्याला म्हणाला, आणि तीन दिवसांनी त्याने फोर्ड नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली.